इंग्लंडमध्ये भाड्याचं घर आणि 'राईट टू रेंट': कागद पक्के असूनही नकार का मिळतो?

टेम्सकाठी

उन्हाळा आला की इथे या मंचावर 'इंग्लंडला निघालोय, घर कसं शोधू' असे प्रश्न येऊ लागतात. भाडं किती, कुठला भाग बरा, शाळा कुठल्या, यावर भरपूर लिहिलं गेलंय. 'राईट टू रेंट'बद्दल मात्र मराठीत नीट काही सापडलं नाही, म्हणून हा धागा. मी रेडिंगला राहते. वकील नाही, पण नव्याने येणाऱ्या मंडळींना घर शोधायला मदत करत आले आहे आणि एकच अन्याय वेगवेगळ्या दारांत पाहिला आहे.

नियम थोडक्यात असा. इंग्लंडमध्ये घर भाड्याने देण्याआधी तिथे राहणाऱ्या १८ वर्षांवरील प्रत्येकाला या देशात राहण्याची परवानगी आहे का, हे घरमालकाने तपासायचं. २०१४ च्या इमिग्रेशन कायद्यातून हे आलं. तेव्हा थेरेसा मे गृहमंत्री होत्या आणि बेकायदा राहणाऱ्यांचं इथलं जगणं अवघड करायचं हे सरकारचं उघड धोरण होतं. डिसेंबर २०१४ मध्ये बर्मिंगहॅम, वुल्वरहॅम्प्टन, डडली, सँडवेल, वॉलसॉल या भागात प्रयोग झाला आणि १ फेब्रुवारी २०१६ पासून नियम सगळ्या इंग्लंडला लागू झाला. २०१६ च्या पुढच्या कायद्याने तर जाणूनबुजून 'हक्क नसलेल्या' माणसाला घर देणं हा गुन्हाच ठरवला, शिक्षा पाच वर्षांपर्यंत तुरुंगवास. दंड आधी पहिल्या वेळी माणशी १,००० पौंडांपर्यंत होता. १३ फेब्रुवारी २०२४ पासून तो पहिल्या वेळी माणशी १०,००० आणि पुन्हा सापडल्यास २०,००० पौंडांपर्यंत गेला.

आता घरमालकाच्या जागी उभं राहून बघा. एका फ्लॅटसाठी पाच अर्ज आलेत. एकाकडे ब्रिटिश पासपोर्ट आहे, तो बघितला, प्रत काढली, काम संपलं. दुसऱ्याकडे ई-व्हिसा, म्हणजे कागदाऐवजी ऑनलाइन व्हिसा आहे. त्याच्याकडून कोड घ्या, सरकारी संकेतस्थळावर जा, फोटो जुळवा, मुदत संपायच्या वेळी पुन्हा तपासा, आणि चुकलात तर हजारो पौंडांचा दंड. कायद्याने भेदभाव करा असं कुठेही सांगितलेलं नाही, उलट करू नका म्हणून सरकारची वेगळी आचारसंहिता आहे. पण भेदभाव केल्याचा त्रास मालकाला होत नाही आणि चुकीच्या माणसाला घर दिल्याचा जबर होतो. मग तो कुणाला निवडणार? शिवाय नकार देताना कारण सांगावं लागत नाही. 'सॉरी, फ्लॅट गेला' एवढं पुरतं. ज्याच्यावर अन्याय झाला त्याला तो झाल्याचं कळतही नाही, माझा खरा राग यावर आहे.

तुमचे अनुभव लिहा. घरमालक असलेल्यांनीही लिहा.

बोरीबंदर

चांगला धागा, वाचनखूण साठवली. एक शंका. आपल्याकडे पुण्या-मुंबईतही भाडेकरूचं पोलिस व्हेरिफिकेशन असतंच की. आधार, फोटो, मूळ पत्ता, सगळं पोलिसांकडे जातं. परदेशी माणूस ठेवला तर त्याची वेगळी माहिती कळवायची. मग इंग्लंडवर एवढा रोष कशाला? देशात कोण राहतंय हे सरकारला कळायला नको का?

टेम्सकाठी

सरकारला कळू दे की, त्याबद्दल वाद नाही. फरक काय आहे तो बघा. पुण्यात मालक माहिती पोलिसांकडे देतो आणि मोकळा होतो, छाननी पोलिसांनी करायची. इथे ती मालकाने करायची. कुठला व्हिसा चालतो, अर्ज प्रलंबित असेल तर काय, निर्वासिताची कागदपत्रं कशी असतात, हे ज्या माणसाने आयुष्यात कधी वाचलेलं नाही त्याच्यावर हे काम टाकलंय आणि वर दंडाची टांगती तलवार. सीमेवरचं काम घराघरांतल्या दारावर आणून ठेवलं आहे.

बाकी आपल्याकडे आडनाव ऐकून, धर्म बघून, 'तुम्ही नॉनव्हेज खाता का' विचारून घर नाकारतात, ते मी विसरलेले नाही. तेही तितकंच चीड आणणारं आहे.

मिडलँडकर

घरमालकांनी लिहा म्हणालात म्हणून लिहितो. वुल्वरहॅम्प्टनला आमचं एक घर भाड्याने दिलेलं आहे. आमच्याकडे हा नियम प्रयोगाच्या काळापासूनच आहे, म्हणजे बाकीच्यांच्या वर्षभर आधीपासून.

सुरुवातीला मीही घाबरलो होतो. तेव्हा सगळे कागद हातात घेऊन बघायला लागायचे. जगभरचे पासपोर्ट, शिक्के, स्टिकर. खरा कुठला, खोटा कुठला, मी कसं ओळखणार? आता ते सोपं झालंय. भाडेकरू स्वतःच्या यूकेव्हीआय (ब्रिटिश व्हिसा विभाग) खात्यातून शेअर कोड काढून देतो. मी कोड आणि त्याची जन्मतारीख टाकतो, पडद्यावर त्याचा फोटो आणि कुठल्या तारखेपर्यंत परवानगी आहे ते येतं. समोर बसून किंवा व्हिडिओ कॉलवर चेहरा जुळवायचा, ते पान जपून ठेवायचं, भाडेकरू गेल्यावरही वर्षभर. पाच मिनिटांचं काम आहे.

तरीही माझ्या ओळखीतले मालक आपापसात काय बोलतात ते सांगतो, कारण ते तुम्हाला ऐकू येणार नाही. 'नको ती कटकट.' बस, एवढंच. मनात कुणाबद्दल द्वेष आहे असं नाही. त्यात आपले देशी मालकही आले, गुजराती, पंजाबी, मराठी सगळे. नवरा-बायको दोघं प्रौढ म्हटले तरी दंडाचा आकडा २०,००० वर जातो, म्हणजे कित्येक महिन्यांचं भाडं. मी सगळ्या अर्जदारांना, ब्रिटिश असो वा नसो, एकच संदेश पाठवतो आणि कागद एकाच टप्प्यावर मागतो. आचारसंहिताही तेच सांगते. पण असं करणारे किती, ते मला माहीत आहे आणि त्याचं वाईट वाटतं.

एक महत्त्वाचं: घरमालकांच्या संघटनेनेही या नियमाला विरोध केला होता. रेसिडेन्शियल लँडलॉर्ड्स असोसिएशन कोर्टात सरकारच्या विरुद्ध बाजूने उभी राहिली. मालक विरुद्ध भाडेकरू असं हे सरळ भांडण नाही.

रानजाई

मिडलँडकर काका, तुमच्यासारखे मालक मिळोत.

माझा अनुभव वेगळा आहे, कारण मी इथेच जन्मले. आई-बाबा साताऱ्याचे, मी लंडनची. मँचेस्टरला नोकरी लागल्यावर आम्ही चौघी मैत्रिणींनी मिळून घर बघितलं. बाकी तिघी गोऱ्या. एजंटची ईमेल आली ती चौघींना एकत्रच, प्रत्येकीच्या नावापुढे काय काय आणायचं त्याची यादी. त्या तिघींपुढे लिहिलं होतं: पगाराच्या पावत्या आणि आधीच्या मालकाचं पत्र. माझ्यापुढे: पगाराच्या पावत्या, आधीच्या मालकाचं पत्र, 'पासपोर्ट आणि व्हिसा'.

त्याने माझा चेहरा पाहिला नव्हता, फोनवर माझा उच्चारही ऐकला नव्हता. आडनाव वाचलं आणि ठरवलं. मैत्रिणींना आधी लक्षातच आलं नाही, मग एकीने यादी पुन्हा वाचली आणि तीच माझ्यापेक्षा जास्त भडकली. मी एजंटला लिहिलं की तपासणी सगळ्यांची करायची असते, फक्त परकी वाटणाऱ्यांची नाही, आणि २०१० च्या इक्वॅलिटी ॲक्टप्रमाणे तुम्ही केलंत ते वंशावरून भेदभाव करणं आहे. दुसऱ्या दिवशी चौघींनाही पासपोर्ट आणायला सांगितलं. माफी नाही, खुलासा नाही. घर मिळालं, पण माझ्याच देशात मला व्हिसा विचारला गेला, हे मनातून जात नाही.

आजोळ

रानजाई, तुझं वाचून वाईट वाटलं. मी १९८० च्या दशकात इथे आलो. विंडरश प्रकरण जवळून पाहिलेल्या पिढीतला आहे, म्हणून थोडं लिहितो.

ते प्रकरण असं: कॅरिबियन बेटांवरून आणि इतर राष्ट्रकुल देशांतून १९७३ च्या आधी आलेल्या लोकांना इथे कायम राहण्याचा हक्क होता, पण तसा कागद कुणी हातात दिलेला नव्हता. लहानपणी आई-वडिलांबरोबर आले, शाळा शिकले, कर भरला. पन्नास वर्षांनी 'कागद दाखवा' म्हटल्यावर दाखवायला काही नव्हतं. गृहखात्याने त्यांच्या आगमनाची जुनी लँडिंग कार्डं २०१० मध्ये नष्ट केलेली. कुणाची नोकरी गेली, कुणाचं घर, कुणाचे उपचार थांबले, काहींना तर देशाबाहेर काढलं. २०१८ मध्ये हे चव्हाट्यावर आलं तेव्हा सरकारने माफी मागितली. पण राईट टू रेंट ज्या धोरणाचा भाग आहे त्याच धोरणाने हे घडवलं, आणि राईट टू रेंट तसाच राहिला.

अजून एक गोष्ट लोक विसरतात. २०११ च्या जनगणनेत इंग्लंड-वेल्समधल्या सुमारे १७ टक्के लोकांकडे कुठलाच पासपोर्ट नव्हता. त्यात बहुतेक इथलेच. त्यांना जन्मदाखला आणि ड्रायव्हिंग लायसन्स अशी दोन कागदपत्रं देऊन तपासणी पार करता येते, मुदत संपलेला ब्रिटिश पासपोर्टही चालतो. पण किती एजंटांना हे ठाऊक असतं? पासपोर्ट नसलेला गोरा आणि पासपोर्ट नसलेला सावळा यांच्यात एजंट कुणाला 'नंतर आणून द्या' म्हणेल, हे सांगायला नको.

कलमबहाद्दर

कोर्टाचा उल्लेख झालाय म्हणून तेवढं नीट लिहितो, कारण यावर चुकीची माहिती फार फिरते.

जेसीडब्ल्यूआय म्हणजे 'जॉइंट कौन्सिल फॉर द वेल्फेअर ऑफ इमिग्रंट्स' या संस्थेने २०१७ मध्ये पाहणी प्रसिद्ध केली. ५१ टक्के घरमालकांनी सांगितलं की या नियमामुळे परदेशी नागरिकाला घर देण्याची आपली तयारी कमी झाली. ब्रिटिश पासपोर्ट नसलेल्याला देण्याची तयारी कमी झाली म्हणणारे ४२ टक्के. पुढच्या वर्षी सरकारच्याच इमिग्रेशन निरीक्षकांनी अहवाल दिला की या योजनेची उपयुक्तता अजून सिद्ध झालेली नाही आणि गृहखातं ती नीट मोजतही नाही.

मग खटला. १ मार्च २०१९ रोजी हायकोर्टात न्यायमूर्ती मार्टिन स्पेन्सर यांनी ही योजना मानवी हक्क कराराशी विसंगत ठरवली. मालक भेदभाव करतात एवढंच त्यांनी म्हटलं नाही, ते या योजनेमुळे करतात असं म्हटलं. एप्रिल २०२० मध्ये अपील कोर्टाने हा निकाल फिरवला. इथे लोकांचा गोंधळ होतो. अपील कोर्टाने 'भेदभाव होत नाही' असं म्हटलेलं नाही. योजनेमुळे काही मालक भेदभाव करतात हे त्यांनीही मान्य केलं. पण बेकायदा स्थलांतर रोखण्याचा हेतू सार्वजनिक हिताचा आहे आणि बहुतेक मालकांना भेदभाव न करता ही तपासणी करता येते, म्हणून योजना समर्थनीय, असा निष्कर्ष काढला.

मला हा निकाल पटलेला नाही. 'नियम बरोबर, वापरणारे चुकतात' हे तेव्हा म्हणता येतं जेव्हा नीट वागणाऱ्याला काही फायदा असतो. इथे नीट वागणाऱ्या मालकाचा वेळ जातो आणि टाळणाऱ्याचं काही बिघडत नाही.

पावसाळी

एडिंबरातून लिहितेय. स्कॉटलंड, वेल्स आणि उत्तर आयर्लंडमध्ये हा नियम आजही नाही. आम्ही इथे घर घेतलं तेव्हा नोकरीचं पत्र, पगाराच्या पावत्या, आधीच्या मालकाचा संदर्भ एवढं मागितलं. व्हिसाचा विषयच निघाला नाही. घरं कमी आणि मागणारे फार, त्यामुळे सुखाचं होतं असं नाही म्हणणार. पण नकार आला तर तो पैशांमुळे किंवा उशिरामुळे असेल असं वाटायचं, पासपोर्टमुळे असेल का ही शंका डोक्यात नसायची. नवरा आधी इंग्लंडमधल्या ल्युटनला राहून आलाय, त्याला तो फरक फार जाणवला.

बोरीबंदर

माझ्या शंकेचं निरसन झालं. पण मग जे खरंच बेकायदा राहताहेत, ते या नियमामुळे परत जातात का?

कलमबहाद्दर

परत जातात याचा ठोस पुरावा समोर आलेला नाही. नीट करार करणारे मालक घर देत नाहीत म्हटल्यावर माणूस रस्त्यावर झोपत नाही, तो कागद न मागणाऱ्याकडे जातो. आणि कागद न मागणारा मालक बाकी नियम तरी कशाला पाळेल? एका खोलीत सहा गाद्या, परसातल्या शेडमध्ये भाडेकरू, रोख भाडं, पावती नाही. स्लाव आणि साउथॉलकडच्या अशा शेडमधल्या बिऱ्हाडांवर इथल्या वर्तमानपत्रांनी बरंच लिहिलंय. त्या भाडेकरूला तक्रार करायची सोय नाही. छत गळतंय म्हणून स्थानिक कौन्सिलकडे गेला तर पहिला तोच पकडला जाणार.

शिवाय घरातल्या सगळ्यांचाच हक्क संपलाय अशी नोटीस गृहखात्याने मालकाला दिली, तर किमान २८ दिवसांची मुदत देऊन कोर्टात न जाता घर खाली करून घेता येतं. बाकी बहुतेक भाडेकरूंना घराबाहेर काढायला कोर्टाचा आदेश लागतो. न्यायाधीशासमोर उभं राहण्याची संधीच काढून घेतलीय.

नवखा_कॉव्हेंट्री

मी सप्टेंबरात मास्टर्ससाठी कॉव्हेंट्रीला जातोय. वाचून पोटात गोळा आला. विद्यापीठाच्या हॉस्टेलला जागा मिळाली नाही. एका एजंटने विचारलं, 'यूकेमधला गॅरंटर, म्हणजे भाड्याची हमी घेणारा, आहे का? नसेल तर सहा महिन्यांचं भाडं आधी भरा.' वडिलांनी शैक्षणिक कर्ज काढलंय, एकदम एवढे पैसे कुठून आणू? शेअर कोड कधी काढायचा? इथून काढला तर चालेल का? आणि तपासणीची फी वेगळी आहे म्हणतो तो.

टेम्सकाठी

नवखा, घाबरू नकोस, एकेक बघू.

फी आधी. तपासणीसाठी भाडेकरूकडून पैसे घेणं २०१९ च्या टेनंट फीज ॲक्टने बंद केलंय. १ जून २०१९ पासून अर्जाची फी, रेफरन्सची फी, राईट टू रेंटची फी, काहीही घेता येत नाही. घर धरून ठेवायला जास्तीत जास्त एका आठवड्याचं भाडं आणि डिपॉझिट म्हणून साधारणपणे पाच आठवड्यांचं, बस. हा एजंट फी मागतोय म्हणजे एकतर त्याला कायदा माहीत नाही किंवा तुला माहीत नसेल असं तो धरून चाललाय. त्याला लेखी विचार की ही फी कुठल्या नियमाने. फोनवर नको, ईमेलवर.

सहा महिन्यांचं भाडं: २०२५ च्या रेंटर्स राइट्स ॲक्टने १ मे २०२६ पासून नव्या करारांना एका महिन्यापेक्षा जास्त आगाऊ भाडं मागायला बंदी आहे. तुझ्यासारख्या मुलांची एक मोठी पिळवणूक यामुळे थांबते. मला काळजी आहे ती पुढची. इतके दिवस 'परदेशी आहे ना, मग आगाऊ भर' म्हणणारा मालक आता गॅरंटरवर अडून बसेल, आणि नुकत्याच आलेल्या मुलाला इथे गॅरंटर कुठून मिळणार? म्हणून विद्यापीठाच्या निवास कार्यालयाला आजच लिही. काही विद्यापीठं स्वतः विद्यार्थ्यांसाठी गॅरंटर राहतात. आणि विद्यापीठाने स्वतः ठरवून दिलेल्या निवासाला राईट टू रेंटची तपासणी लागत नाही, तसं काही शिल्लक आहे का तेही विचार.

शेअर कोड: ई-व्हिसा आला की यूकेव्हीआय खातं उघड. कोड काढताना 'घर भाड्याने घेण्याचा हक्क सिद्ध करायचा आहे' हाच पर्याय निवड. तो कोड इंग्रजी आर अक्षराने सुरू होतो. नोकरीसाठीचा डब्ल्यूने सुरू होतो, तो घरासाठी चालत नाही. पोरं घाईत नोकरीचा कोड देतात, मालकाच्या पडद्यावर चूक दिसते आणि तो समजतो की गडबड आहे. कोड ९० दिवस चालतो. तुझी परवानगी ठरावीक मुदतीची असल्याने तपासणी करार सुरू होण्याच्या आधीच्या २८ दिवसांत व्हावी लागते, त्यामुळे जूनमध्ये काढून ठेवून उपयोग नाही. तू भारतात असताना सशर्त करार करता येतो, तपासणी व्हिडिओ कॉलवर होऊ शकते, राहायला जाण्याआधी ती पूर्ण झाली म्हणजे झालं.

मिडलँडकर

यात एक भर. व्हिसा वाढवायचा अर्ज केलाय आणि जुना संपलाय, अशा अवस्थेत बरेच जण अडकतात. अर्ज वेळेत केला असेल तर निर्णय येईपर्यंत तुमचा हक्क चालू असतो. कोड चालला नाही तर मालकाने गृहखात्याच्या लँडलॉर्ड चेकिंग सर्व्हिसला विचारायचं, दोन कामाच्या दिवसांत उत्तर येतं आणि 'होय' आलं की मालकाला वर्षभर संरक्षण मिळतं. बहुसंख्य मालकांना ही सोय माहीतच नाही. तुम्ही स्वतः दुवा पाठवा, समजावून सांगा. हे काम भाडेकरूचं नाही हे खरं, पण दोन दिवस थांबायला मालक तयार झाला तर घर हातातून जात नाही. आणि लक्षात ठेवा, तपासणीत नापास झालात तर घर धरून ठेवायला दिलेले पैसे मालकाला ठेवून घेता येतात. म्हणून पैसे भरण्याआधीच व्हिसाची स्थिती लेखी कळवा. आधीच सांगितलेलं असेल तर नंतर त्याच कारणाने पैसे अडकवणं त्याला जड जातं.

रानजाई

भेदभाव झालाय असं वाटलं तर काय करायचं तेही लिहून ठेवते. जाहिरातीचा स्क्रीनशॉट, कधी चौकशी केली, काय उत्तर आलं, सगळं जपा. 'फ्लॅट गेला' म्हटल्यावर जाहिरात तशीच दिसत राहिली तर तारखेसह तीही. मग इक्वॅलिटी ॲडव्हायझरी अँड सपोर्ट सर्व्हिस, सिटिझन्स ॲडव्हाइस किंवा शेल्टर या संस्थांशी बोला, सल्ला फुकट असतो. काउंटी कोर्टात दावा करायचा तर घटनेपासून सहा महिन्यांना एक दिवस कमी असताना करावा लागतो. मुदत उलटली की फार अवघड. माझ्या प्रकरणात दावा करावा लागला नाही, ती एकत्र आलेली ईमेलच पुरली. चौघींना वेगवेगळी आली असती तर मला कधीच कळलं नसतं.

नवखा_कॉव्हेंट्री

सगळ्यांचे मनापासून आभार. एजंटला ईमेल केली. फीचा विषय त्याने सोडून दिला, 'चूक झाली' म्हणाला. गॅरंटरचं अजून अडलंय, विद्यापीठाला लिहिलंय. टेम्सकाठी ताई, व्यनि (व्यक्तिगत निरोप) केलाय, ईमेलचा मसुदा एकदा बघाल का?

टेम्सकाठी

बघितला, चांगला आहे. फक्त 'कृपया मला संधी द्या' ते वाक्य काढून टाक. तू उपकार मागत नाहीयेस. त्याऐवजी लिही: माझ्याकडे विद्यार्थी व्हिसा आहे, तो अमुक तारखेपर्यंत आहे, कोड मी लगेच देऊ शकतो, आणि तुमच्या सगळ्या अर्जदारांना जी कागदपत्रं लागतात ती मीही देईन. विद्यापीठाचं उत्तर आलं की इथेच कळव, म्हणजे तुझ्या मागून येणाऱ्यांनाही उपयोग होईल.